आधी स्प्रिंगा की आधी पुंगळ्या?

नमस्कार,

मी मूळचा सांगलीचा, चौदा वर्षांपासून मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो. गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या कंपनीत प्लॅनिंगचं काम करतो. म्हणजे डेट्रॉइटच्या अंगणात राहूनही हाताला ग्रीस लागायची वेळ कधी आली नव्हती. ती ऑक्टोबरमध्ये आली. १९७० ची दोन दारांची शेव्हरोले शेव्हेल मालिबू घेतली. ३५० क्युबिक इंचांचं व्ही-एट इंजिन, दोन तोंडांचा कार्बोरेटर, ऑटोमॅटिक गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मागे एकच सायलेन्सर. दिसायला राजबिंडी, पण चालते नावेसारखी. वळणावर कलंडते, ब्रेक दाबला की नाक जमिनीला टेकवते. आणि आवाज शिवणयंत्राचा.

ऑगस्टमध्ये ती वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला, न्यायची आहे. शिवणयंत्र घेऊन तिथे जायची लाज वाटते, म्हणून थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये दोन कप्प्यांच्या सायलेन्सरची जोडी मागवून टाकली. शेजारी एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ आहेत. ते म्हणतात, आधी ड्युअल एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना धुराचा वेगळा पाइप, करून घे, एका शनिवारचं काम आहे. सस्पेन्शन पुढच्या वर्षी. पण सध्या माझे वडील इथे आलेत. ते तीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांनी पुढचं बंपर एकदा जोरात दाबून सोडलं, गाडी तीनदा डुलली, तसे म्हणाले, "आधी पाटे आणि ब्रेक बघ. पुंगळी काय, आमच्याकडं कॉलेजची पोरं बुलेटला पण लावतात."

हाताशी साडेचार हजार डॉलर आहेत. आधी काय करू? कॉइलओव्हर (शॉकवरच चढवलेल्या, उंची फिरवता येणाऱ्या स्प्रिंगा) घ्यावेत का? अठरा इंची चाकं लावू का? हे सगळं घरच्या गॅरेजमध्ये जमेल का? आणि अशा बदलांनी जुन्या गाडीची किंमत उतरते का? बायकोची एकच अट आहे: मागे मुलगी बसणार असेल तर आत धुराचा वास येता कामा नये.

एक वाचक, नोव्हाय

---

वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं बरोबर आहे, फक्त एक दुरुस्ती: तुमच्या गाडीला पाटे नाहीत. त्या काळच्या मस्टँगला आणि कॅमारोला मागे पाटे असत. शेव्हेलला चारही चाकांवर गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत. बंपर दाबून बघायची त्यांची परीक्षा मात्र दोन्हीकडे लागू पडते. सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन जागेवर थांबली पाहिजे. तीनदा डुलली म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर नावापुरतेच उरलेत.

बाबा ब्रेक आधी म्हणाले ते जिवाच्या काळजीनं. त्यात मी एक कारण घालतो, ते तुमच्या शेजाऱ्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. ड्युअल एक्झॉस्टचे पाइप कुठून न्यायचे हे गाडीची उंची ठरवते. शेव्हेलमध्ये दोन्ही पाइप मागच्या एक्सलवरून कमान घेऊन जातात, एका बाजूला स्प्रिंग आणि दुसऱ्या बाजूला फ्रेम अशा चिंचोळ्या जागेतून. पाइप गाडीच्या अंगाला टांगलेला, त्यामुळे तो जागचा हलत नाही. एक्सल मात्र प्रत्येक खड्ड्यात वर येतो. दोघांमधली फट नेमकी किती ठेवायची हे गाडी चाकांवर उभी असताना किती उंच बसते त्यावर अवलंबून. आज थकलेल्या स्प्रिंगांवर पाइप बसवलेत आणि पुढच्या वर्षी इंच-दीड इंच खाली बसणाऱ्या स्प्रिंगा घातल्यात, की तेवढीच फट गेली.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्याकडे १९७२ ची मालिबू होती आणि मीही कळस आधी चढवला होता. वसंतात पुंगळ्या लावल्या, गल्लीभर मिरवलो. शरदात दीड इंच बसक्या स्प्रिंगा घातल्या आणि त्या रविवारी आय-९६ वरच्या पहिल्याच सांध्यावर मागून "ठण्ण" असा आवाज आला. मग प्रत्येक सांध्यावर. दोन्ही पाइप एक्सलच्या जागी चेपले होते. कापून, पुन्हा वाकवून, पुन्हा जोडून घ्यावे लागले, म्हणजे एकाच कामाचे पैसे दोनदा. त्यात दुसऱ्या वेळच्या गॅरेजवाल्यानं गाडी फ्रेमला धरून दोन खांबांच्या लिफ्टवर उचलली. मागचा एक्सल खाली लोंबत होता, आणि त्यानं लोंबत्या एक्सलच्या मापानं पाइप बेतले. गाडी जमिनीवर आली, एक्सल वर सरकला आणि पुन्हा तेच संगीत. म्हणून तुम्ही पाइप बसवायला द्याल तेव्हा गाडी ज्यावर चाकांसकट चढते असा लिफ्ट आहे का हे आधी विचारा. घरी करणार असाल तर घोड्या (जॅक स्टँड) फ्रेमखाली न लावता एक्सलखाली लावा, म्हणजे वजन स्प्रिंगांवर राहील.

तेव्हा आधी फ्रेम, मग ब्रेक, मग सस्पेन्शन आणि अलाइनमेंट. पुंगळ्या सगळ्यात शेवटी.

फ्रेमचं काम बाबांना द्या, त्यांना आवडेल. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात टाकलेलं मीठ लोखंड आतून खातं. या गाडीची फ्रेम मागच्या एक्सलवरून जिथे वर वळते तिथे, आणि बॉडी जिथे फ्रेमवर बसते त्या मागच्या जागांवर, लहान हातोडीनं ठोकत जायचं. "टण्" वाजलं तर ठीक. "भद्" वाजलं, पोपडे पडले, तर साडेचार हजारांचा बेत बाजूला ठेवा आणि वेल्डिंग करणारा शोधा. सस्पेन्शनच्या बोल्टांवर आजपासूनच रोज गंज सोडवायचं तेल मारत राहा. मागच्या दांड्यांचे बोल्ट बुशच्या आतल्या नळीला इतके चिकटून बसतात, की नट सुटतो आणि बोल्ट हलत नाही. माझा एक बोल्ट अखेर करवतीनं कापावा लागला होता.

ब्रेकचं थोडक्यात. पुढे डिस्क करा. १९७० च्या एसएस पॅकेजमध्ये, म्हणजे शेव्हेलच्या जोरकस आवृत्तीत, पुढच्या डिस्क होत्याच, त्यामुळे तुमच्या गाडीला बसणारे सुटे भाग मुबलक मिळतात. मात्र नुसत्या डिस्क आणि कॅलिपर आणून भागत नाही. त्यांच्याबरोबर मास्टर सिलिंडर आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण राखणारा व्हॉल्व्हही बदलावा लागतो. तो तसाच ठेवला तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी फिरते. आणखी एक, ड्रमवाली जुनी १४ इंची चाकं कॅलिपरला घासू शकतात. तेव्हा चाकं बदलायचीच असतील तर १५ इंची घ्या. अठरा इंची म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर इथल्या रस्त्यांना पडणारे खड्डे तुम्ही पाहिलेत. तिथे टायरची जाड भिंत हाच तुमचा पहिला शॉक अ‍ॅब्सॉर्बर.

आता सस्पेन्शन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण शेव्हेल घेणारा प्रत्येक जण मागच्या बाजूला तीच एक चूक करतो.

मागचा एक्सल चार दांड्यांनी धरलेला असतो. खालच्या दोन साधारण गाडीच्या लांबीच्या दिशेनं, आणि वरच्या दोन तिरप्या: मागे डिफरेन्शियलवर जवळजवळ आलेल्या, पुढे फ्रेमकडे फाकलेल्या. या तिरपेपणामुळेच एक्सल डाव्या-उजव्या बाजूला सरकत नाही, त्याला वेगळी आडवी दांडी लागत नाही. कल्पना सुरेख आहे, पण तिची एक किंमत आहे. गाडी वळणावर कलते तेव्हा या दांड्यांना स्वतःभोवती पिळा बसतो, आणि तो पिळा दोन्ही टोकांचे रबरी बुश गिळतात. उत्साही माणूस काय करतो, आठही जागी कडक पॉलियुरेथेनचे बुश घालतो. मग पिळा गिळायला कोणी उरत नाही, मागचा सगळा भाग कललाच की अडकतो, आणि अडकलेलं मागचं अंग वळणात अचानक सुटतं. माणसाला वाटतं टायर वाईट आहेत. दोष बुशचा असतो.

म्हणून खालच्या दांड्यांना पॉलियुरेथेन चालेल, पण वरच्या दांड्यांच्या डिफरेन्शियलकडच्या टोकाला नवं रबरच ठेवा. खालच्या मूळ दांड्या म्हणजे पत्र्याचं उघडं पन्हळ आहे, एका बाजूनं मोकळं. चारही बाजूंनी बंद असलेल्या दांड्या घ्या, कारण मागचा स्वे बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी) या गाडीत थेट याच दोन दांड्यांवर बोल्ट होतो आणि उघडं पन्हळ त्याच्या जोरानं मुरडतं. बारची जाडी निवडताना हात आखडता ठेवा. भरीव बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे जाडी २० टक्के वाढवली की कडकपणा दुपटीच्या वर जातो. पुढे जाड, मागे बेताचा असं राहू द्या. उलटं केलंत तर पावसात गाडी शेपूट दाखवते.

पुढच्या बाजूचा आजार वेगळा आहे. ही गाडी बायस-प्लाय, म्हणजे रेडियलच्या आधीच्या, टायरच्या काळात आखली गेली. तिची वरची बाही, म्हणजे चाकाला वरून धरणारा हात, आखूड, आणि तिचा कोन असा की गाडी कलली की बाहेरचं चाक वरच्या टोकाला बाहेर झुकतं. नेमकं ज्या चाकानं रस्ता धरायचा तेच काठावर उभं राहतं. यावरचा स्वस्त उपाय म्हणजे अर्धा इंच उंच असलेले वरचे बॉलजॉइंट. त्यानं बाहीचा कोन बदलतो आणि चाक वळणात आतल्या बाजूला झुकायला लागतं. खालचे बॉलजॉइंट, बुश, टायरॉडची टोकं, आयडलर आर्म हे सगळं पुढचं उघडल्यावर एकदमच बदला. स्टेअरिंगच्या दांड्यातली रबरी चकती, जिला इथे रॅग जॉइंट म्हणतात, तीही पाहा. निम्मा खुळखुळा बहुतेक वेळा तिथेच असतो.

मग अलाइनमेंट. तुमचे अर्धे पैसे इथे वसूल होतात किंवा वाया जातात. दुकानातला तरुण मुलगा मशीनमध्ये "१९७० शेव्हेल" टाकेल आणि मशीन त्याला त्या काळचे आकडे देईल, कॅस्टर (स्टेअरिंगच्या अक्षाचा मागे कल) शून्याच्या आसपास. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाड्याही हलक्या वळाव्यात आणि बायस-प्लाय टायर सुखात राहावेत म्हणून ते तसे होते. तुम्ही रेडियल टायरवर ६५-७० मैलांनी जाणार. एका कागदावर आपले आकडे लिहून न्या: कॅस्टर अधिक ३ ते ४ अंश, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणा अर्धा अंश, टो-इन (पुढच्या चाकांची तोंडं किती आत वळलेली) एकूण १/१६ ते १/८ इंच. मूळ बाह्या ठेवून अधिक ३ गाठणं अवघड जातं. तो मुलगा "होत नाही" म्हणाला तर शिमा पाहायला सांगा. वरच्या बाहीचा दांडा फ्रेमला लागतो तिथे घातलेल्या पातळ पट्ट्या म्हणजे शिमा; त्या अदलाबदल करूनच हे कोन साधतात. अधिक २ मिळाला आणि दोन्ही बाजूंना सारखा मिळाला तरी सरळ रस्त्यावर फरक जाणवेल. नावेचं वल्हवणं बंद होईल.

कॉइलओव्हर नको. तुमच्या इंजिनाला आणि तुमच्या बेताला इंचभर बसक्या, थोड्या कडक साध्या स्प्रिंगा आणि गॅस भरलेले चांगले शॉक पुरेसे आहेत. उंची हवी तशी फिरवता येणं ज्याला लागतं तो शर्यतीचा माणूस.

घरी काय जमेल? मागचं सगळं. गाडी घोड्यांवर घ्या, या वेळी घोड्या फ्रेमखाली, एक्सलखाली जॅक लावा, शॉक सोडा, जॅक हळूहळू उतरवा, स्प्रिंग हातात येते. फक्त एक्सलकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना ते बघत राहा. पुढच्या स्प्रिंगा मात्र एकट्यानं काढू नका. ती स्प्रिंग फ्रेम आणि खालच्या बाहीच्या मध्ये दाबून भरलेली असते, बॉलजॉइंट सुटला की तिला जायला वाट मिळते, आणि ती वाट तुमच्या छातीतून जाऊ शकते. स्प्रिंगच्या आतून लावायचा कंप्रेसर, बाहीखाली जॅक, स्प्रिंगमधून फ्रेमला बांधलेली साखळी आणि हे पूर्वी केलेला एक माणूस, या चार गोष्टी जमल्या तरच हात घाला. शेजाऱ्यांनी केलं असेल तर त्यांना बोलवा. पुंगळ्यांबाबत मी त्यांना खोटं पाडतोय, तेवढा मान द्यायला हवा. नाही तर हे एक काम पैसे मोजून करून घ्या.

आता आवाज, ज्यासाठी तुम्ही पत्र लिहिलंत.

अमेरिकन व्ही-एटचा तो गुरगुराट कुठून येतो माहीत आहे? तुमच्या इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. १, ३, ५, ७ डाव्या बाजूला, बाकीचे उजव्या. क्रम वाचत जा: ८ आणि ४ लागोपाठ, दोन्ही उजवीकडचे; ५ आणि ७ लागोपाठ, दोन्ही डावीकडचे. म्हणजे एकूण इंजिनाचे धक्के सारख्या अंतरानं पडत असले तरी एकेका बाजूच्या पाइपातून ते लंगडत बाहेर पडतात, दोन घाईघाईनं, मग मोकळी जागा. लेझीम खेळताना एकाचा ठेका चुकावा तसं. एकाच सायलेन्सरमध्ये दोन्ही बाजू मिसळल्या की हा लंगडेपणा बुजतो आणि उरतं तुमचं शिवणयंत्र. दोन पाइप वेगळे ठेवले की तो ऐकू येतो.

पण अगदी वेगळे ठेवले तर आवाज फाटका येतो आणि लागोपाठच्या दोन धक्क्यांची गर्दी एकाच पाइपात होते. म्हणून दोघांना मध्ये एक पूल देतात. आडवा तुकडा जोडला तर एच-पाइप, दोन्ही पाइप एकमेकांत शिरून बाहेर पडले तर एक्स-पाइप. एक्स-पाइपचा आवाज गुळगुळीत, जरा परदेशी गाडीसारखा. १९७० च्या शेव्हेलला माझं मत एच-पाइपला. पूल कुठे द्यायचा याची जुनी युक्ती: पाइपावर रंगाची एक लांब रेघ ओढा, गाडी चालवून आणा, रंग जिथे सर्वात जास्त जळाला तिथे पूल. व्यवहारात गिअरबॉक्सच्या मागेपुढे जागा मिळेल तिथेच तो येतो. गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीला दोन्ही बाजूंनी पाइप जायला कमान आहे का तेही पाहा. एकाच बाजूला असेल तर दोन कमानींची पट्टी बाजारात मिळते. आणि सगळं वेल्ड करून टाकू नका. उद्या गिअरबॉक्स उतरवायचा झाला तर पुंगळ्या कापाव्या लागतील. पुढचे सांधे क्लॅम्पचे ठेवा.

पाइप सव्वादोन किंवा अडीच इंची, त्याहून मोठा नाही. वळणं मॅन्ड्रेलवर (पाइपाच्या आत घालायच्या साच्यावर) घेतलेली असावीत, म्हणजे वाकतानाही पाइप गोल राहतो. कोपऱ्यावरच्या सायलेन्सरच्या दुकानात साध्या यंत्रावर वाकवलेला पाइप वळणात चपटा होतो आणि अडीच इंचांचे पैसे देऊन तुम्ही दोन इंच घरी आणता. गाडी हिवाळ्यात झाकून ठेवणार असाल तर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेलं पोलाद पुरे. स्टेनलेस हौसेसाठी.

शक्तीची मात्र फार आशा धरू नका. तुमच्या दोन तोंडांच्या ३५० ला तेव्हा २५० हॉर्सपॉवर लिहायचे, पण ते त्या काळच्या ग्रॉस पद्धतीनं मोजलेले, म्हणजे इंजिन टेबलावर, पंखा-अल्टरनेटरचं ओझं नाही, एक्झॉस्ट मोकळा. चाकापर्यंत त्यातलं बरंच कमी पोचतं. तुमच्या इंजिनाचा घसा कार्बोरेटरपाशी अरुंद आहे. मागून मोकळं केल्यानं थोडा फरक पडेल, पण खरा फरक चार तोंडांचा कार्बोरेटर आणि इनटेक बदलल्यावर दिसेल. ते पुढच्या हिवाळ्याचं काम. हेडर्सही, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या मॅनिफोल्डऐवजी लावायच्या नळ्या, आत्ता नकोत. लांब नळ्यांचे हेडर्स खाली लोंबतात, स्टार्टर भाजून काढतात, त्यांचे बोल्ट सैल होत राहतात. जुने मॅनिफोल्ड शांत आणि टिकाऊ आहेत. त्यांच्या तोंडाशी हीट रायझर नावाची झडप असते, ती गंजून अर्धवट बंद अडकली नाही ना, एवढं हातानं फिरवून पाहा.

बायकोच्या अटीबद्दल. ती योग्य आहे, पण अपुरी आहे. वास येतो तो न जळलेल्या पेट्रोलचा. जो वायू मारतो त्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. तुमच्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, तो अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून आला, तेव्हा तुमचा धूर आजच्या गाडीच्या धुरापेक्षा कैक पटींनी विषारी आहे. म्हणून पुंगळ्यांची तोंडं बंपरच्या बाहेर, मागे काढा. एक्सलच्या आधी खाली वळवून सोडायची स्वस्तातली पद्धत मुलीच्या गाडीत नको. डिकीचं रबर, मागच्या दिव्यांची गास्केटं, डिकीच्या तळाची भोकं, सगळं बंद करा. चालत्या गाडीच्या मागे हवा कमी दाबाची होते आणि ती धूर परत आत ओढते. पाइप बसवल्यावर इंजिन थंड असतानाच प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा, सुरू करा, फुगे शोधा. आणि बॅटरीवर चालणारा एक कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागच्या सीटवर कायमचा ठेवा.

किंमत उतरायची भीती सोडा. तुमच्या गाडीचा चेसिस नंबर १३६३७ नं सुरू होत असेल. तो त्या वर्षीच्या सगळ्या व्ही-एट मालिबू कूपेंचा आहे आणि एसएस पॅकेजच्या गाड्यांचाही तोच. नंबरवरून एसएस ओळखता येत नाही म्हणून तर इतक्या मालिबू एसएस होऊन विकल्या गेल्यात. तुमची साधी मालिबू आहे आणि ती चालवायला आहे. काढलेले भाग चिठ्ठ्या लावून खोक्यात ठेवा, वेल्डिंग टाळून बोल्टनं बसेल ते निवडा, म्हणजे परतीची वाट उघडी राहते.

कायद्याचं म्हणाल तर मिशिगनमध्ये गाडीची वार्षिक तपासणी नाही, पण सायलेन्सर चालू स्थितीत असावाच लागतो आणि तो वगळून धूर बाहेर सोडणारा कटआउट चालत नाही. शहरांचे आवाजाचे नियम वेगळे. तुम्ही ऐतिहासिक नंबरप्लेट घेतली असेल तर बाकी वर्षभर ती मेळावे, मिरवणुका अशा कारणांपुरती आहे. ऑगस्ट महिन्यात मात्र गाडी कशासाठीही फिरवता येते. वुडवर्डची क्रूझ ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असते, १९९५ पासून, फर्नडेलपासून पाँटियाकच्या बाजूपर्यंत. तिथे कोणी ७० नं जात नाही, सगळे गोगलगायीसारखे सरकतात. रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलेले लोक तुमचं आयडलिंग ऐकणार आहेत. रेडिएटर आणि पंख्याभोवतीचं आवरण आत्ताच तपासा, नाही तर त्या गर्दीत गाडी बॉनेट उघडून उभी राहील आणि तिचा आवाज कोणालाच ऐकू येणार नाही.

राहिले तुम्ही मागवलेले सायलेन्सर. दोन कप्प्यांचा सायलेन्सर आयडलला झकास गुरगुरतो, त्यात शंका नाही. पण हिशेब करा. तुमच्या मागच्या एक्सलचं गिअर प्रमाण ३.०८ आणि टायर २६ इंच उंच असेल, तर ७० मैलांना इंजिन मिनिटाला साधारण २,८०० फेऱ्या घेतं. एकेका पाइपातून सेकंदाला ९३ धक्के. त्या सुराला गाडीचं केबिन ढोलासारखं घुमतं आणि तो घुमारा खिडकी लावून थांबत नाही, मेंदूत बसतो. नोव्हायहून अ‍ॅन आर्बरला जाऊन येईपर्यंत मुलगी पुन्हा गाडीत बसायला नकार देईल. तीन कप्प्यांचे, किंवा मोठ्या पेटीचे टर्बो प्रकारचे सायलेन्सर घ्या. आयडलला थोडं कमी गुरगुरतील, रस्त्यावर बोलता येईल.

पाइपांचं काम मे महिन्यात येणार, बर्फ आणि मीठ गेल्यावर. तोपर्यंत ती खोकी उघडू नका. थँक्सगिव्हिंगला घेतलेल्या मालाची परत करायची मुदत बऱ्याच ठिकाणी जानेवारीत संपते. आज संध्याकाळी पावती शोधा.